दुसरा अंगठा

जामसिंग पावराचा अंगठा मी दोनदा घेतला. एकदा त्याच्यासाठी, एकदा कंपनीसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्याने त्याने मला समजावलं की चूक सिस्टीमची होती. सिस्टीम हा शब्द ऐकला की आता माझं डोकं फिरतं. मशीन माझ्या हातात होतं.

दुकान रोनकचं. त्याच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन उमरपाड्याला किराणा मांडला, वडिलांनी कापड विकलं आणि रोनकने मोबाईल. उमरपाडे म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं बाजाराचं गाव. मंगळवारी वरच्या पाड्यांवरून माणसं उतरतात, एरवी दिवसभर माश्या मारायच्या. माझं माहेर नशिराबादचं, बी.ए.पर्यंत शिकले, लग्न होऊन इकडे आले. नवरा वरणगावला फॅक्टरीत कंत्राटावर, पंधरा दिवसांनी घरी येतो. घरात बसून सासूचं तोंड बघण्यापेक्षा काउंटर बरा म्हणून मी रोनककडे लागले.

कंपनीचं लॉगिन माझ्या नावावर होतं. रोनकचं नाही, माझं. कंपनीला त्या वर्षी महिला एजंट दाखवायच्या होत्या, म्हणून माझा फोटो असलेलं एक प्रमाणपत्र फ्रेम करून आलं आणि रोनकने ते देवाच्या फोटोशेजारी लावलं. मला भारी वाटलं होतं. सकाळी मशीनला आपला चेहरा दाखवला की मशीन उघडायचं, आणि मग दिवसभर जे काही व्हायचं ते रोहिणीने केलं असं तिकडे कुठेतरी लिहिलं जायचं.

दर शनिवारी जळगावहून हितेंद्र यायचा. कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, तोंडात बडीशेप. "ताई, या आठवड्याला चाळीस पाहिजेत," म्हणायचा. चाळीस सिम! उमरपाड्यात जन्मलेली सगळी पोरं धरून आणली तरी चाळीस होत नाहीत. मग त्यानेच युक्ती शिकवली. वरच्या पाड्यांवरच्या माणसांचे अंगठे धोंडे उचलून, कोयता धरून इतके घासलेले असतात की मशीनला रेघा सापडत नाहीत. दोनदा, तीनदा दाबावं लागतं, आणि हे त्यांना रेशन दुकानापासून माहीत असतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणून पहिला अंगठा लागला तरी सांगायचं, "लागला नाही, परत दाबा. फोटो पण हलला, इकडे बघा." दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम सुरू होतं. गिऱ्हाईक एक घेऊन जातं, दुसरं आपल्या ड्रॉवरमध्ये.

"आणि त्या सिमचं करायचं काय?" मी विचारलं होतं.

"काही नाही ओ. नुसते आकड्याला लागतात. महिनाभराने आपोआप बंद होतात."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं सांगायला बरं वाटतं. पण तसं नव्हतं. नुसत्या आकड्यासाठी लागणारी सिम तो दर शनिवारी बिस्किटांच्या पुड्यात घालून घेऊन का जातो, हे मला एकदाही सुचलं नाही असं नाही. सुचलं. मी विचारलं नाही. रोनकला सगळं माहीत होतं, पण मी मशीन हातात घेतलं की तो कव्हरच्या खोक्यांवरची धूळ पुसायला लागायचा.

जामसिंग आला तो फाल्गुनात. पन्नाशीचा माणूस, अंगाने वाळका, डोक्याला पांढरा फेटा, बरोबर बायको दगडीबाई. घरी त्यांची बोली पावरी, पण बाजारात दोघं सगळ्यांशी अहिराणीच बोलायची. त्याचं नाव घरकुलाच्या यादीत लागलं होतं. ग्रामपंचायतीतून सांगितलं, नंबर आण, नंबरवर ओटीपी येईल, तो सांगितल्याशिवाय घर नाही. माणूस समोर उभा आहे हे सरकारला पुरत नव्हतं.

"माले एकच नंबर लागस, ताई. घरकुलकरता," तो म्हणाला.

काउंटरवर खोबरेल तेलाची बशी असायची. मी त्याचा अंगठा तेलात बुडवून फडक्याने पुसला आणि मशीनवर ठेवला. पहिल्याच फटक्याला लागला. हिरवा दिवा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाले, "लागला नाही भाऊ, परत."

तो ओशाळला. "मनं बोट खराब शे, ताई. तुले त्रास व्हस."

माझ्याकडे माफी मागत त्याने परत अंगठा दाबला.

*

आषाढात, एका गुरुवारी सकाळी, चौकीचे साहेब दोन शिपाई घेऊन दुकानात आले. चौकी आमच्या समोरच, रस्त्यापलीकडे. हातात कागद होता. धुळ्याला देवपूरमध्ये सुनंदाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांना एकाने व्हिडिओ कॉल करून सांगितलं की तुमच्यावर गुन्हा आहे, तुम्ही आता फोनवरच अटकेत आहात, खोली सोडायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. दोन दिवस ती बाई फोनसमोर बसून होती. सगळी पुंजी गेली. तिसऱ्या दिवशी तिने गच्चीवरून उडी मारली. कॉल ज्या नंबरवरून आला तो जामसिंग पावराचा. कागदावर जामसिंगचा फोटो होता. डोळे बारीक केलेले, ओशाळलेले. पहिल्या फोटोत तो जरा ताठ बसला होता. हा दुसरा होता.

"हे सिम तुझ्या आयडीवरून गेलंय," साहेब म्हणाले. "या माणसाने स्वतः घेतलं?"

रोनक माझ्याकडे बघत होता. त्याची मान आडवी हलली, अगदी जराशी. त्याला बायको, लहान मुलगी, म्हातारी आई, आणि मला माझी कातडी. लॉगिन माझं. चेहरा माझा. आत कुणी गेलं तर मीच जाणार, हितेंद्र बडीशेप चघळत दुसऱ्या दुकानात जाणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात झालं. लोक म्हणतात घाबरलं की सुचत नाही. मला फार छान सुचलं.

"हो," मी म्हणाले. "त्याने दोन घेतली."

"दोन कशाला?"

"ते मला काय माहीत साहेब. मागितली, दिली."

दुपारपर्यंत जामसिंगला शेतातून उचलून आणलं. पाऊस उघडला होता, रस्त्यावर ऊन होतं. चौकीची मागची खिडकी आमच्या दुकानाच्या बाजूला. पट्ट्याचा आवाज ओळखू येतो, तो चामड्याचा असतो आणि पायाच्या तळव्यावर बसला की टाळी वाजल्यासारखा वाजतो. फटके मी मोजले नाहीत. मध्येच शिपाई ओरडायचा, "पैसे कुठे पाठवले? तुझ्या वर कोण?" आणि जामसिंग ओरडायचा की मी घरकुलासाठी घेतलं. मग पुन्हा पट्टा. मग त्याला उभं करून उड्या मारायला लावल्या, सुजू नये म्हणून. तो पडल्याचा आवाज आला, मग लाथांचा. एक गिऱ्हाईक माझ्यासमोर चार्जर बघत होतं. म्हणालं, "कोन शे व?" मी म्हणाले, "चोर असेल कोणी." ही माझीच जीभ.

दगडीबाई तीन दिवस चौकीच्या दारात बसून होती. तिला आत सोडलं नाही. जामसिंगकडे धड फोन नाही, खात्यात काही नाही, त्याला व्हिडिओ कॉल म्हणजे काय तेही कळत नाही, हे साहेबांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. पण वरून आलेल्या कागदावर नाव होतं. नावाच्या माणसाला मारल्याशिवाय कागद परत कसा पाठवायचा? चौथ्या दिवशी कागदांवर अंगठे घेऊन सोडला. बोलावलं की हजर व्हायचं म्हणून सांगितलं.

चौकीतून तो लंगडत थेट आमच्या दुकानात आला. वाटलं, आता हा मला धरणार. धरला असता तर बरं झालं असतं.

"ताई, मना नंबर बंद व्हई गया," तो म्हणाला. वरचा ओठ फुटलेला, डावा डोळा मिटलेला. "चालू करी दे. घरकुलना ओटीपी येवाना शे."

मी त्याला पाणी दिलं. त्याने दोन्ही हातांनी पेला धरला तरी पाणी सांडलं.

"साहेब सांगस, मना दोन नंबर शेत. मशीन चुकी गयं व्हई. तुले ठाऊक शे, मी एकच लिधं व्हतं. तू सांगशी ना त्यासले?"

दगडीबाई मागे उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांगेन," मी म्हणाले.

रस्ता ओलांडायचा होता फक्त. बारा पावलं. मी रोज म्हणायचे, आज जाते. हितेंद्रला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, वेडेपणा करू नका. केस थंड होईल. कंपनीचं लीगल बघतंय." पुढच्या शनिवारी तो आलाच नाही.

*

जामसिंगचा फोटो एका सोमवारी, बाजाराच्या आदल्या दिवशी, माझ्या मोबाईलवर आला. सासूच्या भजनाच्या ग्रुपवर आधी, मग बचतगटाच्या, मग नशिराबादच्या माझ्या भावाकडून. तोच दुसरा फोटो, आमच्या मशीनमधला. खाली नाव, गाव, पाडा आणि लाल अक्षरात, सावधान, याने देवपूरच्या बाईंचा जीव घेतला, पोलिसांनी पैसे खाऊन सोडला. तो फोटो तीनच ठिकाणी होता. आमच्याकडे, कंपनीकडे आणि सरकारकडे. मी पाठवला नव्हता. मग कोणी पाठवला हे आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.

सासूने तो पुढे अकरा जणींना पाठवला. "लोकांना कळायला नको?" म्हणाली.

मला तेव्हाच पाड्यावर जाऊन सांगायला हवं होतं की उद्या बाजाराला उतरू नका. मी भाकरी थापल्या, जेवले, झोपले.

मंगळवारी अकराच्या सुमाराला बाजार भरात होता. मिरचीवाल्यांचे ढीग, भरताची वांगी, बांगड्या, चपलांचे ठेले. धुळ्याहून दोन गाड्या आल्या. सुनंदाबाईंचा मुलगा होता, बरोबर सात-आठ पोरं. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायचंच आहे. दाढी वाढलेली, डोळे लाल, आईच्या तेराव्यानंतर जेमतेम महिना झालेला. तो आधी चौकीत गेला. साहेब गस्तीला गेले होते. शिपायाने त्याला सांगितलं, तपास चालू आहे. तो बाहेर आला आणि समोर, मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन, जामसिंग बाजारातून चालला होता.

"हाच तो!" एक पोरगा मोबाईल वर धरून ओरडला.

पहिली थप्पड मुलाने मारली. ती मी समजू शकते. पोतं पडलं, मीठ सांडलं. पण दुसरी, तिसरी, दहावी उमरपाड्याच्याच लोकांनी मारली. इथे कुणाला वीजबिलाचा फोन आला होता, कुणाला लॉटरीचा, कुणाच्या खात्यातून पीकविमा गेला होता. आजवर कुणाला तो चोर दिसला नव्हता. तक्रार करायला गेलं की नंबर दाबा, एक दाबा, दोन दाबा, आणि लाईन कट. आता चोर समोर होता, त्याला तोंड होतं, फेटा होता, आणि तो पाड्यावरचा होता, त्याच्यासाठी कोणी विचारायला येणार नव्हतं.

"मारा रे! बठ्ठासले लुटेल शे यानी!"

छत्रीच्या काठ्या निघाल्या. चपला, ठेल्याचे गज, ऊस. जामसिंग एकदा गर्दीतून निसटला. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरत होतं, फेटा गेलेला. तो डोंगराकडे पळाला नाही, चौकीकडे पळाला नाही. आमच्या दुकानाकडे आला.

"रोहिणीताई! सांग व यासले! मी एकच लिधं व्हतं! तूच दिधं ना माले! सांग व!"

रोनकने शटर खाली ओढलं.

मी काउंटरच्या आत होते. शटरवर त्याच्या दोन्ही हातांचे तळवे आपटत होते. पत्र्याला आतल्या बाजूने फुगे येत होते. "रोहिणीताई!" रोनक शटरच्या कडीवर सगळं वजन टाकून बसला होता आणि रडत होता, "नको, नको, दुकान जाळतील, नको." खाली चार बोटांची फट राहिली होती. त्यातून मला जामसिंगचे सुजलेले पाय दिसले, मग आजूबाजूला खूप पाय. मग त्याचे पाय ओढले गेले आणि हात फटीत आला. उजवा. त्याने शटरची खालची पट्टी धरली होती. कोणीतरी ओरडलं, "याच अंगठ्याने लुटलं ना रे!" आणि मिरचीवाल्याचं पाच किलोचं वजन त्या हातावर आलं. एकदा, दोनदा. बोटं सुटली. तिसऱ्यांदा कशाला मारलं, मला माहीत नाही.

मी रोनकला चावले. खरंच चावले, मनगटाला, रक्त येईपर्यंत. शटर कमरेएवढं वर केलं आणि खालून बाहेर आले.

"सोडा त्याला! मी घेतला! त्याचा अंगठा मीच दोनदा घेतला!"

मी हे ओरडले. याची साक्ष द्यायला कोणी नाही, कारण कोणी ऐकलं नाही. दहा-पंधरा मोबाईल वर होते, पण त्या व्हिडिओंत नुसता गलका आहे, मी नंतर सगळे पाहिले. एकाने मात्र ऐकलं. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला भिकन, ज्याचा चहा मी रोज दोनदा पिते. त्याच्या हातात ठेल्याचा गज होता, गजाला केस चिकटले होते. त्याने माझी वेणी धरली आणि मला शटरवर आदळलं.

"काय म्हननी? तू बी त्यासनामा शेस का?"

गज वर होता. भिकनचे डोळे भिकनचे नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "मी दुकानातली."

त्याने वेणी सोडली. मी तिथेच खाली बसले. पुढचं सगळं दहा हातांच्या अंतरावर झालं आणि मी बघितलं. जामसिंग ओरडायचा थांबल्यावरही ते मारत राहिले. डोकं रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर आपटत होतं, मिरचीच्या ढिगावर रक्त उडालं आणि ढीग तसाच लाल दिसत होता. सुनंदाबाईंचा मुलगाच शेवटी मध्ये पडला. "बस करा, मरेल तो, बस करा," म्हणत तो जामसिंगच्या अंगावर पालथा पडला आणि त्यालाही चार काठ्या बसल्या. मग शिट्ट्या वाजल्या, माणसं पांगली, आणि कुणीतरी तेवढ्यात सांडलेलं मीठ पोत्यात भरून घेऊन गेलं.

तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. जामसिंग वाटेतच गेला.

*

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला. आता ती बारा पावलं सोपी झाली होती.

साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. तेलाची बशी, हिरवा दिवा, ड्रॉवर, बिस्किटांचा पुडा, शनिवार, हितेंद्र. माझं नाव घाला म्हणाले, मला आत टाका म्हणाले. साहेब शांतपणे ऐकत होते. लिहीत मात्र नव्हते.

"हे बघ," ते म्हणाले, "त्या फसवणुकीच्या केसमधला आरोपी मयत झाला. अंगठा त्याचा, फोटो त्याचा, रेकॉर्ड क्लिअर आहे. फाईल वर गेली. आपल्या नावावर किती नंबर आहेत हे बघायला सरकारने वेबसाईट दिली आहे, त्याने बघायला पाहिजे होतं."

"त्याला वाचता येत नव्हतं साहेब."

"ते माझ्या हातात नाही."

"आणि त्याला मारलं ते?"

"अज्ञात जमाव. तपास चालू आहे."

"भिकन होता. माझ्या समोर होता."

"मग तसं लिहून देतेस का? पण मग पहिल्या दिवशी माझ्यासमोर खोटी माहिती का दिलीस, तेही लिहावं लागेल." ते जरा पुढे वाकले. "तुझ्याच भल्यासाठी सांगतो. घरी जा."

मला आत टाकायलाही कोणी तयार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, अर्धा क्षण. त्या अर्ध्या क्षणाबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही.

जळगावला गेले. कंपनीचं ऑफिस एका बँकेच्या वरच्या मजल्यावर, काचेचं दार. आतल्या मुलीने माझा आयडी टाकला आणि म्हणाली, "मॅम, तुमचा आयडी बंद झालाय. केवायसीमध्ये अनियमितता." हितेंद्र? तो आमचा नव्हताच, एका एजन्सीचा होता, एजन्सीचं काम बंद झालंय. तक्रार? मेल करा. कुणाला? तिने एक पत्ता लिहून दिला. मी तिथेच उभी राहून मेल केला, एक माणूस मेला म्हणून लिहिलं. लगेच उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवली आहे, आमच्या सेवेला एक ते पाच तारे द्या. मी तो मोबाईल त्या काचेवर फेकला. मोबाईल फुटला, काचेला काही झालं नाही. सिक्युरिटीवाल्या काकांनी मला दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, घरी जा."

सगळे मला घरीच पाठवत होते. मी घरी गेले नाही. पाड्यावर गेले.

जामसिंगचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. अंगणात घरकुलासाठी आणून ठेवलेल्या विटांचा लहानसा चौथरा. दगडीबाई ओट्यावर तुरीच्या काड्या मोडत बसली होती. चार-पाच बायका होत्या, मला बघून उठल्या. तिने त्यांना हाताने बसवलं.

"कसाले उनी?"

मी उभ्यानेच सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. पहिल्याच वेळी लागला होता, तरी लागला नाही म्हणाले. साहेबांना खोटं सांगितलं. तुझ्यासमोर 'सांगेन' म्हणाले आणि गेले नाही. बाजारात नाही म्हणाले.

ती ऐकत राहिली. मग उठली, दाराआडची गुरं हाकायची काठी घेतली आणि मला मारायला लागली. पहिली खांद्यावर बसली, दुसरी कानावर, आणि कानात शिट्टी सुरू झाली ती अजून आहे. मी पडले. ती पाठीवर मारत होती, मांड्यांवर, हातांवर, दमाने, घाई नाही, शेतात तूर झोडतात तसं. बायका ओढायला आल्या तर त्यांना ढकललं. काठी मोडली तेव्हा थांबली, आणि माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. दोघींचे श्वास मोठ्याने चालले होते.

"आते सांग," ती म्हणाली. "तो पुडा लई जाणारा कथा ऱ्हास?"

"जळगावला राहायचा. पळाला. फोन बंद आहे."

"रोनक?"

"दुकान बंद करून राजस्थानला गेला, मामाकडे."

"त्या पुडावालाना वरे कोन?"

"कंपनी."

"ती कथा ऱ्हास?"

काय सांगू? मुंबईला म्हणू? तिकडे तरी कोण होतं? काचेआडची मुलगी? उत्तर पाठवणारं ते मशीन? चार वर्षं मी त्यांचं काम केलं, रोज सकाळी त्यांना माझा चेहरा दाखवला आणि मी त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा पाहिला नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"आनि सरकार?"

मी मान आडवी हलवली.

दगडीबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग उरला नव्हता, ती नुसती हिशेब जुळतो का बघत होती. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मंग तूच शेस," म्हणाली, आणि कुडाची एक काठी उपसून घेतली.

मी हात आडवा धरला नाही.